शून्य म्हणजे नेमकं किती? दर शनिवारी मरणाऱ्या गेम सर्व्हरचं प्रकरण

लागोपाठ तीन शनिवार रात्री आमचा मॉडेड माइनक्राफ्टचा (म्हणजे मॉड, जास्तीच्या जोडण्या टाकलेल्या माइनक्राफ्टचा) सर्व्हर बंद पडला. क्रॅश रिपोर्ट नाही, लॉगमध्ये एरर नाही, शेवटची ओळ म्हणजे कुणीतरी चॅटमध्ये टाकलेला साधा मेसेज आणि तिथेच फाइल संपलेली. पुढच्या फाइलमध्ये सर्व्हर परत सुरू झाल्याच्या ओळी. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण आम्ही तीन आठवडे भलत्याच ठिकाणी शोधत बसलो आणि उत्तर पॅनलमधल्या एका रकान्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. टेरोडॅक्टाइल किंवा तसलंच कुठलं पॅनल, म्हणजे गेम सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळायचं सॉफ्टवेअर, चालवत असाल तर हा रकाना तुमच्याकडेही आहे.

आधी आमची मांडणी सांगतो. एकच मशीन, ३२ जीबी रॅम, लिनक्स, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही. त्याच मशीनवर पॅनल, पॅनलचा डेटाबेस, रेडिस (पॅनलची तात्पुरती माहिती ठेवणारा प्रोग्राम) आणि विंग्स. ज्यांनी कधी हे उभं केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेरोडॅक्टाइलमध्ये दोन वेगळे भाग असतात. पॅनल म्हणजे पीएचपीमध्ये, लाराव्हेलवर लिहिलेली वेबसाइट, जिथे आपण लॉगिन करतो, बटणं दाबतो, शेड्यूल लावतो. आणि विंग्स म्हणजे गो भाषेत लिहिलेला प्रोग्राम, जो प्रत्येक नोडवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मशीनवर, बसून डॉकरला (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सांगतो की हा कंटेनर सुरू कर, तो बंद कर. गेमचा प्रत्येक सर्व्हर एका वेगळ्या डॉकर कंटेनरमध्ये चालतो. ब्राउझरमध्ये जो कन्सोल दिसतो आणि रॅमचा आलेख हलताना दिसतो तो पॅनलमधून येतच नाही, ब्राउझर वेबसॉकेटने थेट विंग्सशी बोलत असतो, डीफॉल्ट पोर्ट ८०८०. हे कळलं की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. पॅनल पडलं तरी गेम चालू राहतो, इतकंच काय विंग्स रीस्टार्ट केलं तरी खेळणाऱ्यांना पत्ता लागत नाही, कारण कंटेनर डॉकरच्या ताब्यात असतात.

या मशीनवर सुरुवातीला चार सर्व्हर होते. मॉडेड माइनक्राफ्ट १२ जीबी, पेपर या माइनक्राफ्ट सर्व्हर सॉफ्टवेअरवरचा साधा सर्व्हायव्हल ८ जीबी, टेरारिया २ जीबी आणि दोन्ही माइनक्राफ्टपुढे, खेळाडूंना योग्य सर्व्हरकडे पाठवणारी व्हेलॉसिटी प्रॉक्सी १ जीबी. बेरीज २३. नोडच्या सेटिंगमध्ये मी मेमरी ३० जीबी लिहिली होती, म्हणजे दोन जीबी ऑपरेटिंग सिस्टिमला आणि पॅनलला. हिशोब चोख वाटत होता. मग पहिल्या क्रॅशच्या दहा-बारा दिवस आधी पाचवा सर्व्हर आला, एका सर्व्हायव्हल गेमचा, माइनक्राफ्टसारखा जावावर न चालणारा. तो माझ्या सोबत्याने बनवला. त्याला फक्त एक सर्व्हर बनवायचा होता, पण टेरोडॅक्टाइलमध्ये सर्व्हर बनवायचा तर पूर्ण अ‍ॅडमिन व्हावं लागतं, मधली पायरीच नाही. सबयूझरला एकेका सर्व्हरवर हवे तसे बारीक अधिकार देता येतात, कन्सोल बघ पण फाइल हलवू नकोस इथपर्यंत, पण अ‍ॅडमिन म्हणजे सगळंच. मी त्याला अ‍ॅडमिन केलं. तो माणूस जबाबदार आहे, आणि पुढे जे झालं त्यात त्याची चूक माझ्यापेक्षा कमी आहे हे आधीच सांगतो.

पहिल्या शनिवारी सर्व्हर पडला तेव्हा सगळ्यांनी मॉडकडे बोट दाखवलं. स्वाभाविक आहे, दीडशे मॉड असलेला सर्व्हर पडला की माणूस मॉडच बघतो. आम्ही दोन संशयित मॉड काढले, दुसऱ्या शनिवारी परत पडला. मग मी व्ह्यू डिस्टन्स १० वरून ७ केला, सिम्युलेशन डिस्टन्स ५ केला, टीपीएस (सेकंदाला होणाऱ्या टिक) सुधारला पण तिसऱ्या शनिवारी परत तेच. इथे एक गोष्ट माझ्या आधीच लक्षात यायला हवी होती. माइनक्राफ्ट सर्व्हर स्वतःच्या दुखण्याने मरतो तेव्हा काहीतरी लिहून मरतो. एक टिक, म्हणजे खेळ पुढे सरकवणारा सर्व्हरचा एक ठोका, ५० मिलिसेकंदाची असते, आणि एखादी टिक ६० सेकंदांपेक्षा जास्त अडकली तर वॉचडॉग सर्व्हर पाडतो, पण क्रॅश रिपोर्ट ठेवून पाडतो. जावाचा हीप, म्हणजे प्रोग्रामच्या डेटासाठीची तिची मेमरी, भरला तर आउट ऑफ मेमरी एरर लॉगमध्ये येते. इथे दोन्ही नव्हतं. म्हणजे सर्व्हर आतून मेला नव्हता, त्याला बाहेरून कुणीतरी मारलं होतं. ही एक ओळ मला पहिल्या दिवशी सुचली असती तर पुढचं काही झालंच नसतं.

तिसऱ्या शनिवारी मी कन्सोल उघडा ठेवून बसलो होतो म्हणून विंग्सचा मेसेज बघायला मिळाला: प्रोसेस क्रॅश झालेली आढळली, एक्झिट कोड १३७. हा आकडा ओळखीचा करून घ्या. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल, म्हणजे प्रोसेसला एक अक्षरही लिहायची किंवा सेव्ह करायची संधी न देता संपवणं. विंग्स अशा वेळी सर्व्हर आपोआप परत सुरू करतं, फक्त मागचा क्रॅश ६० सेकंदांच्या आतला असेल तर करत नाही. त्यामुळे पहिल्या दोन वेळी लोकांना तीन-चार मिनिटांचा खंड दिसला आणि परत सगळं सुरू, म्हणून कुणी फार गंभीरपणे घेतलं नाही.

१३७ दिसल्यावर मी लगेच निष्कर्ष काढला की सर्व्हरला मेमरी कमी पडतेय. पॅनलमध्ये गेलो आणि १२ जीबीचे १६ केले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रविवारी दुपारी तो सर्व्हर चाळीस मिनिटांत मेला. त्याआधी अख्खं मशीन गोठल्यासारखं झालं, पॅनलचं पान उघडेना, ५०४ यायला लागलं, एसएसएचमध्ये एक अक्षर टाइप करायला पाच सेकंद लागत होते. मला वाटलं विंग्सच अडकलंय म्हणून ते रीस्टार्ट केलं, त्याने काहीच फरक पडला नाही. जो सर्व्हर आठवड्यातून एकदा पडत होता तो मेमरी वाढवल्यावर तासाच्या आत पडला, हे मला अजिबात समजेना.

मग शेवटी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडला. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातलं शिकण्यासारखं जे आहे ते इथे आहे म्हणून जरा थांबून सांगतो.

मेमरी संपली म्हणून लिनक्स कुठल्या प्रोसेसला मारतं तेव्हा ते दोन प्रकारे होऊ शकतं. एक, कंटेनरला दिलेली मर्यादा कंटेनरने ओलांडली, मग त्या कंटेनरच्या आतलीच प्रोसेस मरते. तेव्हा कर्नलच्या ओळीची सुरुवात 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' अशी असते. दोन, अख्ख्या मशीनचीच रॅम संपली, मग कर्नल सगळ्या मशीनवर नजर टाकून कुणाला तरी निवडतं, आणि तेव्हा ओळ नुसती 'आउट ऑफ मेमरी' अशी सुरू होते. 'मेमरी सीग्रुप' हे दोन शब्द आहेत की नाहीत एवढाच फरक. आमच्या चारही वेळच्या ओळींमध्ये ते दोन शब्द नव्हते. म्हणजे मॉडेड सर्व्हरने स्वतःची मर्यादा एकदाही ओलांडली नव्हती! मशीनची रॅम संपत होती आणि कर्नल सर्वात जास्त रॅम धरून बसलेल्या प्रोसेसला उचलत होतं, आणि ती प्रोसेस कायम मॉडेड माइनक्राफ्टची जावा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आम्ही तीन आठवडे त्या संन्याशाच्याच झडत्या घेत होतो.

त्याच लॉगमध्ये थोडं वर अजून एक ओळ असते, ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) कुणामुळे जागा झाला, म्हणजे त्या क्षणी मेमरी कोण मागत होतं. तिथे चारपैकी तीन वेळा पाचव्या सर्व्हरच्या प्रोसेसचं नाव होतं. ही ओळ एकटी पुरावा म्हणून पुरत नाही, कारण रॅम भरलेली असताना शेवटचा घोट मागणारा कुणीही असू शकतो. पण त्याच्या खाली सगळ्या प्रोसेसचा तक्ता येतो, कुणी किती पानं धरलीत त्याचा. एक पान ४ केबीचं. पाचव्या सर्व्हरपुढे साधारण २४ लाख पानं होती, म्हणजे नऊ जीबीच्या वर. आणि मेलेल्या मॉडेड सर्व्हरपुढे अकरा जीबीपेक्षा कमी, म्हणजे जुन्या १२ च्या मर्यादेतसुद्धा बसला असता.

आता प्रश्न असा की नऊ जीबी खाणारा सर्व्हर पॅनलच्या हिशोबात कुठे होता. नोडच्या पानावर जाऊन बघितलं, मी वाढवलेले ४ धरून मेमरी अलोकेटेड ३० पैकी २७. पाचव्या सर्व्हरचं नावनिशाण नाही. मग डॉकर स्टॅट्स चालवलं, तिथे प्रत्येक कंटेनरपुढे वापर आणि मर्यादा असे दोन आकडे येतात, आणि पाचव्याच्या मर्यादेच्या जागी ३१ जीबीच्या वरचा आकडा, म्हणजे मशीनची सगळी रॅम. डॉकर मर्यादा नसलेल्या कंटेनरपुढे होस्टची पूर्ण मेमरी दाखवतं. आणि गंमत नाही पण वाईट वाटलं ते याचं की पॅनलच्या सर्व्हर यादीतही त्याच्यापुढे 'अनलिमिटेड' असं लिहिलेलं होतं, रोज बघत होतो आणि नजरेने ते घेतलंच नाही.

सोबत्याला फोन केला.

"अरे, तू तो सर्व्हर बनवताना मेमरीत शून्य टाकलंयस का?"

"हो. किती लागेल माहीत नव्हतं, म्हटलं नंतर ठरवू. शून्य म्हणजे काहीच राखून ठेवायचं नाही ना?"

"नाही रे, मेमरीत शून्य म्हणजे मर्यादाच नाही."

"पण खाली बॅकअपमध्ये शून्य टाकलं तर एकही बॅकअप घेता येत नाही. डेटाबेसमध्ये शून्य टाकलं तर एकही डेटाबेस नाही. स्वॅपमध्ये शून्य म्हणजे स्वॅप नाही. मग मेमरीतच उलटं कसं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याचं म्हणणं बरोबर आहे. सर्व्हर बनवायच्या त्या एकाच फॉर्ममध्ये शून्याचे दोन विरुद्ध अर्थ आहेत. मेमरी, डिस्क, सीपीयू यांच्यात शून्य म्हणजे अमर्याद. स्वॅपमध्ये शून्य म्हणजे अजिबात नाही आणि अमर्याद हवं असेल तर उणे एक. बॅकअप आणि डेटाबेसच्या संख्येत शून्य म्हणजे एकही नाही. नोडच्या ओव्हर-अलोकेशनमध्ये शून्य म्हणजे ठरल्यापेक्षा एक एमबीही जास्त वाटू नको, आणि उणे एक म्हणजे तपासूच नको. रकान्याखाली बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं, पण शेजारच्या तीन रकान्यांत शून्याचा अर्थ 'नाही' असा वाचून आलेला माणूस चौथ्यातही तोच धरणार.

आणि खरी मेख पुढे आहे. पॅनल नोडची 'अलोकेटेड' मेमरी काढतं तेव्हा सगळ्या सर्व्हरना लिहून दिलेल्या आकड्यांची बेरीज करतं, बस. ज्याला शून्य दिलंय तो बेरजेत शून्यच धरला जातो. म्हणजे सगळ्यात जास्त खाऊ शकणारा सर्व्हर हिशोबात सगळ्यात हलका दिसतो. तिथे लिहिलेला आकडा म्हणजे दिलेल्या वचनांची बेरीज, त्या क्षणी मशीनवर काय चाललंय ते नव्हे. प्रत्येक सर्व्हरचा चालू आलेख विंग्सकडून येतो, पण अख्ख्या नोडचा चालू वापर टेरोडॅक्टाइलच्या नोडच्या पानावर दिसत नाही, त्यासाठी मशीनवर जाऊन बघावं लागतं. मी ते २७ बाय ३० बघून निर्धास्त होतो.

बाकीचे तुकडे मग पटापट जुळले. शनिवारीच का, तर शनिवारी पाचही सर्व्हरवर गर्दी. आणि जावाची सवय अशी की हीप एकदा वाढला की गर्दी ओसरल्यावरही ती जागा सिस्टिमला सहजी परत देत नाही, आठवडाभर रीस्टार्ट नसेल तर शनिवारपर्यंत सगळे फुगलेले. १६ जीबी केल्यावर आणखी लवकर का मेला, तेही यातूनच. आमच्या एगमध्ये, म्हणजे सर्व्हर कसा सुरू करायचा त्या साच्यात, जावाला कंटेनरच्या मेमरीचे ९५ टक्के हीप म्हणून वापरायला सांगितलेलं आहे. मर्यादा वाढवली की हीपची कमाल आपोआप वाढते, आणि जास्त जागा दिसली की जावा कचरा उचलायची घाई करत नाही, आधी पसरते.

आणखी एक आकडा बऱ्याच जणांना माहीत नसतो. पॅनलमध्ये १२ जीबी लिहिलं म्हणून कंटेनरला नेमके १२ मिळत नाहीत, विंग्स थोडं वर देतं: २ जीबीपर्यंतच्या सर्व्हरला १५ टक्के, ४ पर्यंत १० टक्के, त्यापुढे ५ टक्के. कारण जावाला हीपच्या बाहेरही जागा लागते, क्लासची माहिती, थ्रेडचे स्टॅक, नेटवर्कचे बफर. म्हणजे आमचे पहिले २३ सुद्धा प्रत्यक्षात साडेचोवीसच्या जवळपास होते, आणि १६ केल्यावर पावणेएकोणतीस. सिस्टिम आणि पॅनलचे दोन धरले तर सगळे आपापल्या मर्यादेला टेकल्यावर पाचव्यासाठी अर्धा-पाऊण जीबी उरतो. तो घेत होता नऊ.

दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. पाचव्याला ६ जीबीची मर्यादा दिली, मॉडेड परत १२ वर आणला आणि त्याचं ९५ टक्के ८५ वर, कारण एवढ्या मॉडना हीपच्या बाहेरची जागा जरा जास्तच लागते. मशीनला ४ जीबी स्वॅप जोडलं, तेही गेम चालवायला नाही तर मशीन एकदम गुदमरू नये म्हणून. पाच सर्व्हरना रोज पहाटे वेगवेगळ्या वेळी रीस्टार्टचं शेड्यूल. आणि एक छोटी स्क्रिप्ट, जी दर मिनिटाला मशीनची मेमरी दाखवणाऱ्या फ्री कमांडमधला 'अव्हेलेबल' रकाना वाचते आणि दीड जीबीच्या खाली गेला तर डिस्कॉर्डवर मेसेज टाकते. 'फ्री' नाही, 'अव्हेलेबल'. लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशेला वापरत असतं त्यामुळे 'फ्री' हा आकडा कायम घाबरवणारा दिसतो. नोडचं ओव्हर-अलोकेशन शून्यावर आहे, आणि सर्व्हरच्या यादीत एकाही ओळीत 'अनलिमिटेड' दिसता कामा नये असं आम्ही दोघांनी ठरवलं. सोबत्याचं अ‍ॅडमिनपद त्याने स्वतःच सोडलं, आता पाचव्या सर्व्हरवर तो सबयूझर आहे. हे मला आवडलं कारण अ‍ॅडमिन खाती जितकी कमी तितकं बरं, आणि जून २०२५ मध्ये याच पॅनलमध्ये लॉगिनही न करता सर्व्हरवर कोड चालवू देणारं भोक सापडलं होतं, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-४९१३२, जे १.११.११ मध्ये बुजवलं, तेव्हापासून पॅनल आणि गेम एकाच मशीनवर ठेवणं मला खटकतंच आहे.

पण नुकसान व्हायचं ते झालं होतं. सिगकिलमध्ये सेव्ह होत नाही, आणि मधेच मेलेल्या लिखाणात एक रीजन फाइल बिघडली. माइनक्राफ्टचं जग ३२ बाय ३२ चंकच्या (चंक म्हणजे १६ बाय १६ ब्लॉकचा तुकडा) एमसीए फाइलींमध्ये साठवलेलं असतं, त्यातली एक गेली म्हणजे ५१२ बाय ५१२ ब्लॉकचा चौकोन धोक्यात. त्या चौकोनात एका खेळाडूचा किल्ला होता, आठ महिन्यांचं काम. तो मधे चार-पाच दिवस आलाच नव्हता, आला तेव्हा किल्ल्याच्या अर्ध्या भागात कोरा डोंगर.

बॅकअप रोज रात्री होत होते, पण मर्यादा तीनची. शेड्यूलने घेतलेला बॅकअप मर्यादेला पोचला की लॉक नसलेला सर्वात जुना उडवून नवा ठेवतो. म्हणजे शेड्यूलचे जे बॅकअप शिल्लक होते त्या सगळ्यांत तोच कोरा डोंगर. वरून ते त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर. आणि चालू सर्व्हरचे, सेव्ह न थांबवता घेतलेले. आता शेड्यूलमध्ये आधी सेव्ह-ऑफ, मग सेव्ह-ऑल फ्लश, मग बॅकअप, मग सेव्ह-ऑन असं आहे, मात्र इथे जपून: पॅनल बॅकअपची मागणी विंग्सला देऊन पुढे सरकतं, बॅकअप संपायची वाट बघत नाही. सेव्ह-ऑनला पुरेसा उशीर द्यावा लागतो, एका टप्प्याला जास्तीत जास्त ९०० सेकंद देता येतात. आमचा बॅकअप सहा मिनिटांत होतो म्हणून आम्ही बारा मिनिटं ठेवलीत. शिवाय बॅकअप आता एस३ पद्धतीच्या, म्हणजे या मशीनबाहेरच्या, दुसऱ्या साठ्यावर जातात.

किल्ला वाचला तो एका लॉक केलेल्या बॅकअपमुळे. महिन्याभरापूर्वी मॉडपॅक अपडेट करताना मी हाताने एक घेतला होता आणि कुलपाच्या खुणेवर क्लिक केलं होतं, तो शेड्यूलने उडवला नाही. तो उघडून त्यातली तेवढ्याच नंबरची रीजन फाइल काढली, सर्व्हर बंद करून जागेवर ठेवली, आणि १.१७ पासून प्राणी, गाड्या वगैरे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात म्हणून एंटिटीज आणि पीओआय (गावकऱ्यांच्या कामाच्या, झोपायच्या जागांची नोंद) या फोल्डरमधल्या त्याच नंबरच्या फाइलीही बदलल्या. नाहीतर किल्ला जुना आणि माणसं नव्या वेळेची असं विचित्र काहीतरी होतं. बाकीच्या जगाला हात लावला नाही, त्यामुळे इतरांचा महिना शाबूत राहिला.

दोन आठवड्यांनी एका बुधवारी पाचवा सर्व्हर पडला. एक्झिट कोड १३७. लगेच कर्नलचा लॉग बघितला, ओळीच्या सुरुवातीला 'मेमरी सीग्रुप' होतं. बाकीच्या चारांवर लोक खेळत होते, कुणाला काही कळलं नाही. सोबत्याने विचारलं की ६ चे ८ करू का, आम्ही दोघांनी बसून बेरीज केली आणि ७ वर थांबलो.

किल्ला महिन्याभरापूर्वीच्या रूपात उभा आहे. उत्तरेकडच्या बुरुजाचं छप्पर त्या जुन्या बॅकअपमध्ये अजून झालेलं नव्हतं, ते तो परत घालतोय, आणि काल रात्री त्याला दगड आणून द्यायला चौघंजण गेले होते.